मुंबईत शरद ऋतूत लॉनचं एरेशन करावं का?

तुमच्या तळमजल्याच्या घरापुढचं लॉन पिवळं पडतंय, म्हणून आता शरदात एरेशन, म्हणजे हवा-पाणी मुळांपर्यंत जावं म्हणून मातीत भोकं पाडणं, करावं का आणि खिळ्यांच्या चपला मागवू का, असं तुम्ही विचारलंय. चपला मागवू नका. खिळा माती बाहेर काढत नाही, बाजूला दाबतो. घट्ट माती आणखी घट्ट होते.

शरदाचं म्हणाल, तर तो सल्ला थंड देशांतल्या फेस्क्यू, रायसारख्या गवतांसाठी आहे. ती १५ ते २४ अंशांत जोमाने वाढतात. आपली हरळी, कोरियन ग्रास ही उन्हाळी जात, तिला २७ ते ३५ अंश मानवतात. गवत जोरात वाढत असताना भोकं पाडायची, म्हणजे ती लवकर भरून येतात. मुंबईत ते मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर. तरीही ऑक्टोबर चालतो, कारण आपल्याकडे ऑक्टोबरात कसली आलीय थंडी!

हे मी आमच्या दहिसरच्या सोसायटीत घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंय. आमच्या बागेतल्या लॉनवर दरवर्षी गरबा. त्याआधी गणपतीचा मंडप. चार महिने पावसाने भिजलेल्या मातीवर एवढे पाय नाचले की तिचा रस्ता होणारच. मग दिवाळीनंतर खजिनदारसाहेब त्यांच्या ओळखीच्या ठेकेदाराला बोलावणार, नवं लॉन अंथरणार, ते होळीपर्यंत मरणार. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "अहो, गवत बदलून काय होणार, खाली स्क्रू-ड्रायव्हर शिरत नाहीये." तर म्हणाले, "आता गवताला भोकं पाडायला पैसे द्यायचे का?"

पैसे कसले! फॅब्रिकेटरकडून अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे दोन तुकडे टी-हँडलला वेल्डिंग करून घेतले, खालची कड घासून धारदार केली. वर पाय देऊन दाबायचं की तीन इंच मातीची कांडी पाइपमध्ये येते, पुढच्या दाबाला वरून बाहेर पडते. माळीदादा आणि मी कोजागिरीनंतर बागेचा एक कोपरा केला, बाकीचा कमिटीने करू दिला नाही. कांड्या लॉनवर चकलीच्या तुकड्यांसारख्या पसरल्या, तेव्हा "घाण केली" म्हणून तक्रारही झाली. त्या उचलायच्या नसतात. वाळल्या की फुटून परत मातीत मिसळतात. वरून रेती आणि चाळलेलं गांडूळखत झाडूने भोकांत लोटलं.

पुढच्या पावसाळ्यात बागेत जिकडेतिकडे पाणी साचलं, त्या कोपऱ्यात नाही. खजिनदार म्हणाले, तिथे ऊन जास्त येतं. ऊन तर पलीकडेही तेवढंच येतं! इतिवृत्तात माझा मुद्दा अजून नोंदवलेला नाही. तुमच्याकडेही कुणी "नवीन लॉनच टाका" म्हणत असेल, तर आधी त्याला विचारा, जुनं का मेलं?

आता तुमचं. आदल्या दिवशी पाणी द्या, कोरड्या मातीत पाइप जात नाही. चिखलात तर नकोच. दोन भोकांत तीन-चार इंच अंतर ठेवा. नंतर दोन-तीन आठवडे पाणी चुकवू नका, ऑक्टोबरचं ऊन गवत जाळतं.

लॉन यंदाच लावलं असेल तर अजून हात लावू नका, मुळं धरू द्या. आंब्याच्या दाट सावलीत असेल तर भोकांनी काही होणार नाही, तिथे हरळी जगतच नाही. खाली पार्किंगचा स्लॅब असेल तर पहार अजिबात वापरू नका, वॉटरप्रूफिंग फुटेल. आणि स्प्रिंकलरची नळी कुठून गेलीय ते आधी माळ्याला विचारा, खजिनदाराला नको.