कापूस खरेदीची नोंद: यांग मॉडेल एक, एन्कोडिंग तीन

भाऊ, तुम्ही जिनिंगवर येणाऱ्या कापसाच्या गाड्यांची नोंद यांगमध्ये, म्हणजे नोंदीची रचना लिहायच्या भाषेत, मांडली आहे. ऑफिसच्या सर्व्हरला एक्सएमएल लागतं, काट्यावरच्या मोबाइलला जेसन; दोन्ही नोंद मजकुरात लिहायची रूपं. गावातल्या संकलन केंद्रावरून रेडिओने पाठवायचा संदेश लहान हवा, म्हणून तिथे सीबीओआर हे आटोपशीर बायनरी रूप. तर मॉडेल तीन करायची का?

नाही, एकच ठेवा. नोंदीत काय असतं, कोणत्या प्रकारचं असतं, कोणत्या मर्यादेत बसतं, हे मॉडेल ठरवतं. तीच नोंद तारेवरून कोणत्या रूपात जाईल, ते एन्कोडिंग ठरवतं. यांग १.१ आरएफसी ७९५० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) आहे आणि एक्सएमएलचे नियमही त्यातच आहेत. जेसनचे नियम आरएफसी ७९५१ मध्ये (दोन्ही २०१६), सीबीओआरचे आरएफसी ९२५४ मध्ये (२०२२). एएसएन.१ या डेटाची रचना लिहायच्या जुन्या भाषेत हीच रीत फार आधीपासून आहे: व्याख्या एक, बीईआर, डीईआर, पीईआर ही एन्कोडिंगची रूपं वेगवेगळी.

गडबड होते ती रूपांतरात, आणि सगळ्यात जास्त आकड्यांत. वजन क्विंटलमध्ये, दोन दशांश स्थळांचं डेसिमल६४ (यांगमधला दशांश आकड्यांचा प्रकार) धरू. एक्सएमएलमध्ये १२.४ असा साधा मजकूर जातो. जेसनमध्ये तोच आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून जायला हवा. यूइंट६४ (६४ बिटांचा, उणे नसणारा पूर्णांक) मधला पावती क्रमांकही तसाच. ३२ बिटांचा यूइंट३२ मात्र साधा आकडा. कारण असं की बहुतेक जेसन पार्सर (जेसन वाचणारे प्रोग्राम) आकडे डबल या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात धरतात आणि ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. पावतीचा शेवटचा अंक गुपचूप बदलतो, एररही येत नाही. प्रोटोबफ या गूगलच्या डेटा-स्वरूपाचं जेसन रूपही ६४ बिटांचे आकडे स्ट्रिंगमध्येच लिहितं. सीबीओआरमध्ये पूर्णांक सरळ जातो. डेसिमल६४ मात्र टॅग ४ (पुढे दशांश आकडा आहे अशी सीबीओआरची खूण) खाली १० चा घातांक आणि पूर्णांक अशा जोडीने: १२.४ म्हणजे उणे १ आणि १२४.

दुसरी अडचण यादीची. एक्सएमएलमध्ये यादी म्हणजे तोच टॅग पुन्हा पुन्हा. बाजारात मिळणारा सर्वसाधारण कन्व्हर्टर मॉडेल वाचत नाही; दोन गाड्या दिसल्या की जेसनमध्ये ॲरे (यादी) करतो, एकच दिसली की साधा ऑब्जेक्ट (एकटी नोंद). म्हणून सीझनच्या सुरुवातीला, दिवसाला एखादीच गाडी येते तेव्हा, ॲरेची अपेक्षा करणारं मोबाइल ॲप बंद पडतं. रूपांतर मॉडेल वाचणाऱ्या साधनानेच करा.

गट नंबरला युनियन (अनेक प्रकारांपैकी कोणताही चालेल असा प्रकार) देऊ नका. यूइंट३२ आणि स्ट्रिंग असं युनियन ठेवलं तर एक्सएमएलमधला ४५ पहिल्या जुळणाऱ्या प्रकारात, म्हणजे आकड्यात बसतो. जेसनमध्ये अवतरणात आलेला ४५ स्ट्रिंग ठरतो. नोंद एक आणि अर्थ दोन! सातबाऱ्यावर ४५/२अ असेही नंबर असतात, तेव्हा सरळ स्ट्रिंग ठेवा.

आर्द्रतेला ८ ते १२ टक्के ही रेंज टाइपमध्ये घालू नका. ती हमीभाव खरेदीची अट आहे. १४ टक्क्यांची गाडी परत पाठवली तरी तिची नोंद व्हायलाच हवी. टाइपला ० ते १०० पुरे.

नेमस्पेस (एखादं नाव कोणत्या यांग मॉड्यूलमधलं, म्हणजे मॉडेलच्या कोणत्या फाइलमधलं, ते सांगणारी ओळख) एक्सएमएलमध्ये यूआरआयने, म्हणजे वेबपत्त्यासारख्या मजकुराने, येते. जेसनमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर, आणि पुढे मॉड्यूल बदलेल तिथे, मॉड्यूलचं नाव व कोलन लागतं. एम्प्टी प्रकाराचं (किंमत नसलेलं, फक्त आहे की नाही ते सांगणारं) लीफ, म्हणजे नोंदीतला एक रकाना, जेसनमध्ये एकट्या नलचा (रिकाम्या किमतीचा) ॲरे होतं. ट्रू लिहिलं तर व्हॅलिडेटर (मॉडेलशी पडताळणारा प्रोग्राम) नाकारेल.

सीबीओआरमध्ये नावांऐवजी एसआयडी हे क्रमांक वापरले की संदेश खरा लहान होतो. पण एसआयडी फाइल (कोणत्या नावाला कोणता क्रमांक, ही यादी) दोन्ही टोकांना जुळणारी हवी, आणि काढून टाकलेल्या लीफचा क्रमांक दुसऱ्या लीफला कधीच देऊ नका. नाहीतर जुनं फर्मवेअर (यंत्रातला प्रोग्राम) चालवणारं केंद्र नव्या लीफची किंमत जुन्या लीफची समजून वाचेल.

तपासायला यांगलिंट हे यांग मॉडेल आणि त्याच्या फाइली तपासणारं साधन घ्या. आधी मॉड्यूल तपासा. मग एक गाडी, शून्य गाड्या आणि १७ अंकी पावती अशा तीन नमुना फाइली एक्सएमएलमधून जेसनमध्ये आणि परत एक्सएमएलमध्ये आणून मूळ फाइलींशी ताडून पाहा. रेडिओचं काम त्यानंतर हाती घ्या.