लॉन मोव्हरचे इंजिन पारखताना
साताऱ्यातील मंगल कार्यालये आणि सोसायट्यांची हिरवळ कापण्याचे काम तुम्ही घेणार असाल, तर यंत्रांची तुलना केवळ अश्वशक्तीवरून करू नका. सिलिंडरमध्ये बिडाचा स्लीव्ह (आतून बसवलेली नळी) आहे की पिस्टन थेट ॲल्युमिनियमवर घासतो, हे विक्रेत्याला आधी विचारा, कारण बीड झिजायला बराच अधिक काळ लागतो. होंडाच्या जीएक्स मालिकेतील जीएक्स १६० इंजिनात असा स्लीव्ह असतो. उतारावरचे काम जास्त असेल, तर दाबाने तेल पुरवणारा पंप असलेले इंजिन पाहावे, कारण कलत्या इंजिनात शिंतोड्यांवर चालणारे वंगण अपुरे पडू शकते. मात्र एप्रिल-मेमधील आपल्याकडच्या धुळीत इंजिनाचे आयुष्य एअर फिल्टरच ठरवतो, असे माझे ठाम मत आहे. जीएक्स १६० चे तेल पहिल्यांदा २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलायचे असते, म्हणून तास मोजणारा मीटर अवश्य बसवून घ्या. सुटे भाग गावातच मिळतात का, याची चौकशी पैसे देण्यापूर्वी करावी.