'झोपू दे, सकाळी उतरेल' म्हणणाऱ्यांची जबाबदारी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा अमेरिकेत ओहायोत पहिल्या वर्षाला आहे, फ्रॅटर्निटीत (कॉलेजातल्या मुलांच्या मंडळात) 'प्लेज', म्हणजे सदस्यत्वाचा उमेदवार, झालाय आणि घरात वाद चाललाय की मुलं स्वतःच्या हाताने पितात, मग कुणी दगावलं तर दोष दुसऱ्यांना का? माझी मुलगी चार वर्षं सोरॉरिटीत, म्हणजे मुलींच्या तशाच मंडळात, होती, म्हणून सविस्तर लिहितो.

'स्वतःच्या हाताने' हे मला अजिबात पटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीच्या घरात टिम पियाझा या १९ वर्षांच्या मुलाला ८२ मिनिटांत १८ वेळा दारू पाजली गेली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. पुढचं घरातल्या कॅमेऱ्यांत आहे. पोरांनी त्याला सोफ्यावर टाकलं आणि पाठीला भरलेली सॅक बांधली. कशासाठी? उताणा होऊन उलटी घशात अडकू नये म्हणून! म्हणजे जीव जाऊ शकतो हे त्यांना कळत होतं. तरी ९११ला, म्हणजे तातडीच्या मदतीला, फोन गेला तो पडल्यानंतर जवळजवळ १२ तासांनी. टिम वाचला नाही. सदोष मनुष्यवधाचे आरोप टिकले नाहीत. दोन माजी पदाधिकाऱ्यांना कैद झाली तीही २०२४ मध्ये, २ ते ४ महिन्यांची.

२०१७ मध्येच लुइझियानात मॅक्स ग्रूवर हा विद्यार्थी असाच दगावला. ग्रीक मुळाक्षरं चुकली की प्यायची, असा खेळ होता. रक्तातली दारू ०.४९५ टक्के भरली, गाडी चालवायची मर्यादा ०.०८ आहे. नव्या मुलाने अशा वेळी 'नाही' म्हणायचं कुणाला? आत घ्यायचं की नाही हे ज्यांच्या हातात आहे, तेच समोर बाटली घेऊन उभे असतात. म्हणूनच पेन्सिल्व्हेनिया, फ्लोरिडाच्या कायद्यांत 'तो राजी होता' हा बचाव चालत नाही.

वरच्यांचं वागणं मला जास्त चीड आणतं. फ्रॅटर्निटीची राष्ट्रीय संघटना मुलांकडून वर्गणी घेते, हेझिंगला, म्हणजे नव्यांच्या छळाला, बंदीचा नियम छापते आणि काही घडलं की 'पोरांनी नियम मोडला' म्हणून अंग काढून घेते. मग विम्याचं संरक्षणही जातं आणि दावा पोरांच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यापर्यंत येतो. विद्यापीठंही सुटत नाहीत. १९९७ मध्ये एमआयटीचा विद्यार्थी स्कॉट क्रूगर असाच दगावला, तेव्हा एमआयटीने पुढे माफी मागून सुमारे ६० लाख डॉलर दिले. तुमच्याच ओहायोत बोलिंग ग्रीन विद्यापीठाने अशाच दगावलेल्या स्टोन फोल्ट्झच्या घरच्यांशी २९ लाख डॉलरवर तडजोड केली.

माझ्या मुलीचा एकदा रात्री दोनला फोन आला. "बाबा, एक मुलगी उठतच नाहीये. सगळ्या म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल." मी विचारलं, नखं कशी दिसतायत? "निळसर." म्हटलं, आधी ९११, बाकी नंतर बोलू. ती मुलगी वाचली. पिणं थांबलं तरी पोटातली दारू रक्तात चढत राहते, झोपलेल्याचा श्वास मंदावतो. हे त्या वीस जणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. पकडले जाऊ ही भीती मात्र सगळ्यांना होती, कारण २१च्या आत पिणं गुन्हा. खरं तर मदत बोलावणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायदा संरक्षण देतो. हे मुलाला आजच सांगा.

ओहायोत २०२१ पासून, दारू पाजून हेझिंग केलं आणि गंभीर इजा झाली तर तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आहे, हेही त्याच्या कानावर घाला. डिसेंबर २०२४ च्या केंद्रीय कायद्याने हेझिंगची प्रकरणं जाहीर करणं महाविद्यालयांना बंधनकारक केलंय. त्याच्या चॅप्टरचं (फ्रॅटर्निटीच्या तिथल्या शाखेचं) नाव महाविद्यालयाने जाहीर केलेल्या प्रकरणांत आहे का बघा. आणि 'बिग-लिटल नाइट' कधी आहे ते विचारून घ्या. त्या रात्री 'मोठा भाऊ', म्हणजे जुना सदस्य, नव्या 'धाकट्या'ला अख्खी बाटली देतो. फोल्ट्झ त्याच रात्रीनंतर गेला, २०१७ मध्ये फ्लोरिडातला अँड्र्यू कॉफीही. ती तारीख कळली की त्या रात्री तुमचा फोन उशाशी आणि आवाज चालू ठेवा.