फक्त ड्रायरवाली गिऱ्हाईकं

प्रश्न: नाशिकला कॉलेज रोडजवळ माझं लाँड्रोमॅट आहे. पावसाळा लागला की लोक घरी धुतलेले ओले कपडे बादलीतून आणतात नि फक्त ड्रायर वापरतात, मशीन लावलेले ताटकळतात. त्यांना जास्त रेट लावू का?

उत्तर: लावा की, पण माणूस बघून नको, मिनिटं बघून. हाताने पिळलेल्या जीन्सच्या कंबरपट्ट्यातनं पाणी टपकत असतं, ती स्पिन झालेल्या कपड्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते, आणि बिल खरं ड्रायरच वाढवतो, त्यामुळे धुण्यात कमावून वाळवणं स्वस्त ठेवलं असेल तर तोटाच. 10-10 मिनिटांचा रेट ठेवा, आधी थोड्या पैशात नुसतं स्पिन करून द्या. रविवारी धुणाऱ्यांना आधी नंबर, चालतंय. हाकलू मात्र नका हो, घटस्थापनेआधी गोधड्या धुवायला हीच मंडळी येतील.