जपान पायाखाली घालायचाय, ताई!

प्रश्न : नमस्कार ताई, मी प्रतापनगरला राहतो, तीन वर्षांपासून पहाटे अंबाझरीला पळतो, दोन हाफ मॅरेथॉनपण झाल्या. नोव्हेंबरमध्ये मी अन् बायको दहा दिवस जपानला चाललो. टूरवाल्याचा प्लॅन पाहिला तर रोज नवीन शहर, बसमधून उतरा, फोटो काढा, चढा, काहून लोक असे फिरतात काय माहीत. आम्हाला पळत-चालत बघायचंय. कुठे पळू, कुठे चढू? अन् नागपुरात चढच नाही तर तयारी कशी करू?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, पहिले तर त्या प्लॅनमधली अर्धी शहरं खोडा. दहा दिवसांत दोनच मुक्काम ठेवा, एक टोकियो अन् एक कुमानो, म्हणजे डोंगरातल्या जुन्या यात्रेच्या वाटेचा भाग. रोज बॅग भरायची असली की सकाळ त्यातच जाते, पळणार कधी?

टोकियोत राजवाड्याभोवतीची चक्कर करा. साधारण ५ किलोमीटर, एका बाजूला खंदक, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, मधे एकही सिग्नल नाही. तिथे सगळे घड्याळाच्या उलट्या दिशेने पळतात. मी पहिल्या दिवशी सरळ दिशेने निघाले, समोरून माणसांची रांगच्या रांग येत होती, शेवटी एका आजोबांनी थांबून, हलकं वाकून, हाताने दिशा दाखवली, मी वळले अन् पूर्ण चक्कर त्यांच्याच मागे पळाले. आम्ही एक शब्द बोललो नाही पण तो देश मला तिथून कळायला लागला.

आणि एक, पहिल्याच दिवशी पहाटे उठायचा हट्ट नको. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे अडीच. त्यापेक्षा रात्री ८ ला पळा, शरीराला ती दुपारची साडेचारच वाटते, अन् त्या वेळी ऑफिस सुटलेली मंडळीपण तिथे पळत असतात. जवळ रनर्स स्टेशन असतात, लॉकर मिळतं, शॉवर मिळतो.

चढायला ताकाओ. शिंजुकूहून केईओ लाइनने साधारण ५० मिनिटं, डोंगर ५९९ मीटर. १ नंबरची वाट बरीचशी पक्की अन् गर्दीची, तुम्ही ६ नंबरची घ्या, ती ओढ्याच्या कडेने जाते, बूट ओले होतात पण मजा तिथेच आहे. नोव्हेंबरात लाल पानं बघायला लोक लोटतात म्हणून शनिवार-रविवार टाळा. फुजी मात्र यावेळी विसरा, तो जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चढतात.

आता कुमानो कोदो, माझा जीव ज्यात अडकलाय ती वाट. हजारेक वर्षांपासून यात्रेकरू चालतात, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. ताकिजिरीपासून होंगूच्या देवळापर्यंत साधारण ३८ किलोमीटर, दर ५०० मीटरवर नंबरचा खांब, म्हणून चुकायची भीती कमी. वाटेतल्या छोट्या देवळांपाशी लाकडी पेटी असते, आत शिक्का अन् शाई, आपणच वहीत उमटवायचा. माझ्या वहीतला ताकिजिरीचा शिक्का पावसाने पसरलाय, तो मला सगळ्यात प्रिय. आणि भाऊ, ही वाट पळू नका, प्लीज. तुम्ही पळू शकाल, पण आपल्या वारीत कोणी पळत सुटतं का? (रिंगणाचं वेगळं.) दोन-तीन दिवस घ्या, मधल्या गावात मुक्काम करा, अन् दुपारी ३-४ पर्यंत पोचाच, देवदारासारख्या उंच झाडांत अंधार लवकर पडतो.

तयारी नागपुरातच होते. आठवड्यातून दोनदा सेमिनरी हिल्सचा चढ, रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, पाठीवर पाच किलोची सॅक घेऊन. चढण्यापेक्षा उतरणं जास्त करा, कारण ताकिजिरीच्या पुढच्या मुळांनी भरलेल्या वाटेवर दम लागतो तो बसतो, उतारावर मांड्या भरल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. बूट नवे घेऊन जाऊ नका, महिनाभर आधी वापरा.

प्रश्न : ताई, आईचं वय ६४, पूर्ण शाकाहारी, तिलापण कुमानो बघायचंय. जमेल?
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : जमेल हो! होश्शिनमोन-ओजी या वाटेवरच्या छोट्या देवळापर्यंत बसने जा, तिथून होंगू साधारण ७ किलोमीटर, बहुतेक उतारच, मधे गावं अन् शेतं. देवळाजवळ जवळपास ३४ मीटर उंच तोरी, म्हणजे कमानीसारखं प्रवेशद्वार आहे, मूळ देऊळ तिथेच होतं, १८८९ च्या पुरात त्याचं फार नुकसान झालं म्हणून उरलेलं वर हलवलं. त्या कमानीखाली आईला दहा मिनिटं निवांत बसू द्या. जेवणाचं मात्र आधीच सांभाळा, तिकडे भाजीच्या सूपमध्येपण माशाचा अर्क (दाशी) असतो अन् विचारलं तर "मासा नाही" असं सांगतात कारण तुकडा नसतो. मुक्कामाच्या जागी बुकिंग करतानाच 'दाशी नको' असं जपानीत लिहून कळवा, अन् सॅकमध्ये दशम्या, चटणी, सातूचं पीठ असू द्या. रिकामी पिशवी परत आणायची तेवढं लक्षात ठेवा, वाटेवर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच.