क्रोन्स आणि रोजा: घरच्यांना काय सांगू?

रमजान जवळ आला की मस्कतच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न फिरू लागतो: "मला क्रोन्स आहे. रोजा धरला नाही तर घरचे काय म्हणतील?" आतड्याला सूज आणि जखमा करणारा हा चिवट आजार बाहेरून दिसत नाही, हीच पंचाईत.

सालिम (नाव बदललंय) २७ वर्षांचा. इथल्या बऱ्याच ओमानींसारखं त्याला हिंदी छान येतं. मागच्या रमजानात त्याने स्टेरॉइडच्या गोळ्या मनानेच बंद केल्या आणि पंधराव्या रोज्याला थेट भरती. घरी आल्यावर गाडीत वाकून, लपून पाणी प्यायचा.

पहिल्याच भेटीत मी शहाणपणा केला. "आजाऱ्याला कुराणातच सूट आहे ना?"

तो हसला. "उख्ती (ताई), दुसरी सूरा, आयत १८४. पाठ आहे मला."

धर्म आड येतच नव्हता.

"मग अडतं कुठे?"

"पहाटे सहेरीच्या जेवणाला सगळं घर उठतं. आई वाढते. नको कसं म्हणू? तिचा मान राखायलाच हवा."

"राखायला हवा, की राखायलाच हवा?"

या 'च'वर तीन भेटी गेल्या. हिंदीत तो 'ही' होता, पण आपल्या 'च'इतका टोचत नाही. (सहकारी मला 'च'वाल्या बाई म्हणतात. म्हणोत.)

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "कहवा पुरे झाला की काय करता?"

"फिंजान हलवतो." फिंजान म्हणजे कहव्याचा, अरबी कॉफीचा, छोटा कप. रिकाम्या बोटांनी त्याने करून दाखवलं.

"यजमान रागावतो?"

"का रागावेल? नाही हलवला तर तो ओततच राहील..."

हात तसाच हवेत थांबला. मीही गप्प. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. मान राखून नाही म्हणायची रीत त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, मला ती बाहेरून आणावी लागली नाही.

असाच प्रश्न पडलेल्यांनी रोज्याबद्दल डॉक्टरांशी शाबानच्या, म्हणजे रमजानच्या अलीकडच्या महिन्याच्या, आधीच बोलावं. आजार शांत असेल तर काहींना परवानगी मिळते, भडकलेला असेल तर हट्ट नको. स्टेरॉइड एकदम कधीच थांबवू नये. सुटलेले रोजे पुढे भरता येतात. कधीच शक्य नसेल, तर फिदया म्हणून गरिबाला जेवण देता येतं. आणि घरात एकाला तरी आधी सांगून ठेवावं, ऐन सहेरीच्या ताटावर नव्हे.

सालिमने धाकट्या चुलत्याला सांगितलं. चुलता एवढंच म्हणाला, "मग गाडीत कशाला पीत होतास? माझी खोली होती की."