लंडनला मॅच बघायला जायचंय? विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

मागच्या अंकात सुट्टीतल्या परदेश सहलींवर लिहिलं होतं, त्यात लंडनच्या फुटबॉलचा उल्लेख एका ओळीत होता आणि पत्रं सगळ्यात जास्त त्याच ओळीवर आली. बहुतेकांना आर्सेनल या लंडनच्या क्लबचं एमिरेट्स स्टेडियम बघायचंय, म्हणून या वेळी उत्तरं त्याच ग्राउंडला धरून दिलीयेत.

मुलाची दहावी झाली की मे-जूनमध्ये लंडनला जायचं ठरवलंय. आर्सेनलची मॅच दाखवायचीच आहे. विमानाची तिकिटं आत्ता स्वस्त मिळतायत, काढून ठेवू का? — एक आई, नाशिक

ताई, प्लीज थांबा. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या क्लब्सची स्पर्धा, ऑगस्टमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात संपते, जून-जुलैमध्ये तिथे लीगची एकही मॅच नसते. तेव्हा गेलात तर रिकामं स्टेडियम बघता येईल, टूर असते, ड्रेसिंग रूममध्ये जाता येतं, प्लेअर्स ज्या टनेलमधून येतात तिथून चालत ग्राउंडच्या कडेपर्यंत जाता येतं, छान असते ती टूर, पण मुलाला मॅच दाखवायची आहे ना! दहावीचे पेपर मार्चमध्येच संपतात, मग सरळ एप्रिल धरा. सीझनचा शेवट जवळ आलेला असतो, प्रत्येक पॉइंटसाठी मारामारी चालू असते, थंडीही जरा ओसरलेली असते. एप्रिल नाहीच जमलं तर दिवाळीची सुट्टी. फक्त सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये देशांच्या टीम्सच्या मॅचेससाठी लीगला ब्रेक असतो, ते वीकेंड टाळा.

आता महत्त्वाचं. जूनच्या मध्यात सगळ्या सीझनचं टाइमटेबल जाहीर होतं आणि लोक ते बघून लगेच बुकिंग करून मोकळे होतात, इथेच घोळ होतो. त्या यादीत शनिवार दुपारी ३ असं लिहिलेलं असतं पण नंतर टीव्हीवाले आपल्या मॅचेस निवडतात आणि मग तीच मॅच शनिवारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रविवारी किंवा अगदी सोमवारी रात्री ८ ला जाते. टीम युरोपातल्या स्पर्धेत खेळत असेल तर अजून सरकते, एफए कप या वेगळ्या नॉकआउट स्पर्धेच्या पुढच्या राउंडला पोचली तर लीगची मॅच त्या आठवड्यातून उचलून भलतीकडेच टाकतात. म्हणून टीव्हीच्या तारखा पक्क्या होईपर्यंत विमान बुक करू नका, आणि त्याआधी करावंच लागलं तर शुक्रवार ते मंगळवार असे सगळे दिवस लंडनमध्येच ठेवा, मधेच एडिनबरा-पॅरिस घुसवू नका. व्हिसाला साधारण तीन आठवडे धरा, ते काम मात्र लवकर करून टाका.

एक मजेची गोष्ट सांगते. शनिवारी दुपारी ३ च्या मॅचेस इंग्लंडमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवतच नाहीत, पावणेतीन ते सव्वापाच बंदी असते, छोट्या क्लब्सच्या ग्राउंडवर लोकांनी जावं म्हणून १९६० च्या दशकापासून हे चालू आहे. म्हणजे जी मॅच तुम्ही नाशिकला सोफ्यावर बसून बघता ती लंडनमधल्या माणसाला घरात बसून बघता येत नाही. त्यामुळे ३ ची मॅच मिळाली तर तीच घ्या, तिचा माहोलच वेगळा असतो.

एका वेबसाइटवर आर्सेनलच्या मॅचची दोन तिकिटं दिसतायत, मूळ किमतीच्या चौपट आहेत पण ॲव्हेलेबल आहेत. क्लबच्या साइटवर तर काहीच मिळत नाहीये. — पुणे

नका घेऊ, कितीही मोह झाला तरी नका घेऊ! इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय दुसऱ्याला विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कॉन्सर्टला हा नियम नाही, क्रिकेटला नाही, फक्त फुटबॉलला आहे, कारण होम (यजमान) आणि अवे (पाहुण्या) टीमचे फॅन्स एकत्र बसले तर मारामारी होते हा त्यांचा जुना अनुभव. तिकीट आता मोबाइलमधल्या पासवर असतं आणि ते मेंबरच्या नावावर असतं, त्यामुळे अशा साइटवरून घेतलेला पास गेटवर लाल लाइट दाखवू शकतो, आणि मग तुमचे पैसेही गेले आणि मॅचही गेली.

सरळ रस्ता असा आहे की सीझन सुरू व्हायच्या आधी क्लबची मेंबरशिप घ्यायची, घरातले जितके जण जाणार तितक्यांची, मुलांची ज्युनिअर मेंबरशिप असते. मग प्रत्येक मॅचच्या आधी बॅलट म्हणजे सोडत निघते, त्यात नाव टाकायचं. नाही लागलं तर हताश होऊ नका, तिकीट एक्सचेंज असतं, ज्यांना जमत नाही असे सीझन तिकीटवाले (म्हणजे अख्ख्या सीझनचं तिकीट असलेले) आपली सीट क्लबमार्फतच परत देतात आणि मॅचच्या आदल्या काही दिवसांत तिथे सीट्स उगवतात आणि सेकंदात जातात, चिकाटीने रिफ्रेश करत बसावं लागतं. दोन सीट शेजारी-शेजारी मिळणं अवघड, एकेकटी लवकर मिळते. पैशाचा प्रश्न नसेल तर क्लबचं स्वतःचं हॉस्पिटॅलिटी पॅकेज घ्या, महाग आहे, पण खरं आहे.

आणि मनापासून सांगते, टॉटनहॅम-चेल्सी-लिव्हरपूलविरुद्धच्या मॅचचा हट्ट सोडा. टेबलमध्ये खाली असलेल्या टीमविरुद्धची मॅच घ्या, तिकीट मिळायची शक्यताही वाढते, किंमतही कमी असते. ग्राउंड तेच, साठ हजार लोक तेच.

मी लिव्हरपूलचा कट्टर फॅन. आर्सेनल-लिव्हरपूलचं होम साइडचं तिकीट ओळखीतून मिळतंय. लाल जर्सी घालून गेलो तर चालेल ना, दोघांचाही रंग लालच आहे! — कोल्हापूर

भाऊ, तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला हे मी सांगायला हवं? शाहू स्टेडियमवर पाटाकडीलच्या पोरांच्या मधोमध बसून शिवाजी मंडळाच्या गोलवर उड्या माराल का? तिथेही तसंच, फरक इतकाच की तिथे स्टुअर्ड, म्हणजे स्टेडियमचा माणूस, येतो आणि शांतपणे बाहेर काढतो, होम सेक्शनमध्ये अवे टीमचे रंग घालायची परवानगीच नसते. अवे सेक्शन क्लॉक एंड नावाच्या स्टँडच्या कोपऱ्यात असतो, त्याची तिकिटं वर्षानुवर्षं टीमच्या मागे गावोगाव फिरणाऱ्यांना मिळतात, ती आपल्याला मिळतील ही आशा सोडा. आणि ओळखीतून म्हणजे नक्की कसं ते आधी विचारा, क्लबच्या ॲपमधून पास तुमच्या नावावर ट्रान्सफर होत असेल तरच हो म्हणा. मग साधा काळा स्वेटर घाला आणि लिव्हरपूलने गोल मारला तरी हात मांडीवर. अर्धा मफलर एका टीमचा अर्धा दुसऱ्या टीमचा असे बाहेर विकायला असतात, ते घेऊ नका, तिथल्या जुन्या लोकांना ते अजिबात आवडत नाहीत. तुमच्या टीमसाठी ओरडायचंच असेल तर लिव्हरपूललाच जा, ट्रेनने सव्वादोन तास.

वडील सत्तरीचे, गुडघ्यांचा त्रास आहे, पण मॅचला यायचंच म्हणतात. जमेल का? — ठाणे

जमेल की! फक्त आर्सेनल स्टेशनच्या नावाला भुलू नका. ते ग्राउंडला सगळ्यात जवळ आहे, १९३२ पर्यंत त्याचं नाव गिलेस्पी रोड होतं आणि प्लॅटफॉर्मच्या भिंतीवरच्या टाइल्सवर ते जुनं नाव अजून दिसतं, पण तिथे लिफ्ट नाही, लांबच लांब चढाचा बोगदा आहे आणि मॅचच्या दिवशी त्यात माणसांची भिंत असते. तुम्ही फिन्सबरी पार्कला उतरा. तिथे लिफ्ट आहे, किंग्ज क्रॉसलाही आहे, त्यामुळे जिना न चढता पोचता येतं, मग सपाट रस्त्याने पंधरा मिनिटं, बाबांच्या चालीने वीस-पंचवीस धरा. हॉलोवे रोड स्टेशनच्या भरवशावर राहू नका, मॅचच्या वेळी तिथे निर्बंध असतात. सीट खालच्या टियरची घ्या, वरचा टियर खूप उभा आहे. पण अगदी पुढच्या रांगाही नको, छप्पर असूनही तिथे पाऊस येतो.

खरं काम मॅच संपल्यावर. शिट्टी वाजली की साठ हजार लोक एकदम निघतात. बाबांना घेऊन त्यात अजिबात शिरू नका, थोडा वेळ सीटवर बसू द्या, मग बाहेर येऊन क्लबचे जुने प्लेअर्स आँरी, बर्गकॅम्प आणि कोच वेंगर यांचे पुतळे बघा, फोटो काढा, अर्धा-पाऊण तास गेला की रस्ते मोकळे होतात.

मुलगी अकरा वर्षांची, इथल्या अंडर-१३ टीममध्ये खेळते. बजेट फार नाही. चौघांना परवडेल असं काही आहे? — मडगाव

तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते! तिला आर्सेनल विमेनची मॅच दाखवा. २०२५-२६ च्या सीझनपासून त्यांच्या लीगच्या सगळ्या होम मॅचेस एमिरेट्सवरच ठेवल्यात, म्हणजे तेच स्टेडियम, तेच गवत, आणि तिकीट पुरुषांच्या मॅचच्या मानाने कितीतरी स्वस्त, सहज मिळणारं, चौघांना शेजारी बसता येईल असं. ही टीम काही दुय्यम नाही, मे २०२५ मध्ये लिस्बनला बार्सिलोनाला १-० हरवून त्यांनी चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लब्सची स्पर्धा जिंकली, त्याआधी २००७ मध्येही युरोप जिंकला होता. गर्दीत पुष्कळ मुली असतात, शाळेच्या टीमच्या टीम येतात, शिवीगाळ फार कमी. तिला हेही सांगा की १९२१ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने बायकांना आपल्या क्लब्सच्या ग्राउंडवर खेळायला बंदी घातली होती आणि ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. अकरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलीला हे माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

आम्ही शुद्ध शाकाहारी. आत काय मिळतं? बॅग नेता येते का? — सांगली

आत चिप्स आणि काही व्हेज पदार्थ मिळतात पण पोटभर जेवण बाहेरच करून जा. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा, थाळी सगळं मिळतं आणि युस्टनहून व्हिक्टोरिया लाइनने थेट फिन्सबरी पार्क. हाफटाइमला काही घ्यायचं असेल तर चाळिसाव्या मिनिटालाच उठा, कारण सीटवर बसून बिअर प्यायला १९८५ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत सगळे स्टँडच्या मागे काउंटरवर तुटून पडलेले असतात. पैसे कार्डाने द्या. बॅग ए-फोर कागदापेक्षा मोठी नको, सॅक हॉटेलवर ठेवा, आणि फोन फुल चार्ज करून न्या, तिकीट त्यातच आहे.